खरं बिकॉज

सोलापूर, ता. ४ एप्रिल १९३६

प्रिय सुंदरा,

तुला आठवतं का, तुझे अप्पा लुगड्यांचे गठ्ठे गाडीत घालून वळसंगच्या बाजाराला निघाले होते. कपाळाला विभूती, डोक्याला नवा फेटा, एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि तू, अकरा वर्षांची, सोप्यातल्या खांबाला टेकून आदल्या दिवशी माझ्याकडून शिकलेलं वाक्य त्यांच्या पाठीमागून म्हणालीस, ‘अप्पा, व्हाय आर यू गोइंग?’ अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण निघताना मागून कुणी विचारलं, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. ते मागे फिरले, जोडे काढले आणि बाजेवर बसले. ‘काय इचारलीस गं? माणूस निघताना इचारत्यात व्हय?’ तू घाबरून म्हणालीस, ‘मी कुटं न्हाय इचारलं अप्पा, का इचारलं.’ तेवढ्यात तुझी अज्जी शरणम्मा गूळपाणी घेऊन बाहेर आल्या नि लेकाला म्हणाल्या, ‘ऊठ रे महादेवा. इंग्रजीत इचारलेलं लागत न्हाय. आपल्या देवाला कुटं येतंय इंग्रजी?’ अप्पा हसत हसत उठले. त्या दिवशी सगळा माल खपला म्हणे. दुसऱ्या दिवशी शरणम्मांनी मला बजावलं, ‘बाई, रोज इचारू दे की पोरीला.’

हे आज लिहायला बसले, कारण ईश्वरप्पांचं करमाळ्याहून पत्र आलं आहे. तुझ्या नवऱ्याचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. आडतीच्या माणसाचं असावं तसं ठसठशीत आहे. चंद्रव्वा दहा वर्षांची झाली, पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात जूनपासून जागा मिळते आहे, तिला पाठवावं की नाही ते मी सांगावं, असं त्यांनी विचारलं आहे. ‘आपण तिच्या आईची पारख बरोबर केली होती, तशीच लेकीची करावी. आपण म्हणाल तसं करू.’ आणि त्याखाली तुझ्या हातच्या दोन ओळी. ‘बाई, माझं डोकं त्यातलं नव्हतं हे तुम्हीच अप्पांना सांगितलं होतं. पोर माझ्यावर गेली असेल तर उगाच तिचे हाल नकोत.’ चार दिवस मी त्या दोन ओळी वाचते आहे. ईश्वरप्पांना उत्तर लिहिणं सोपं आहे. तुला लिहिणं कठीण.

त्याच कॉन्व्हेंटमध्ये मी वाढले हे तुला ठाऊक आहे. कशी वाढले ते मी कधी सांगितलं नाही. माझी आई तिथं कपडे धुवायची. ती गेल्यावर सिस्टरांनी मला ठेवून घेतलं. इंग्रजी त्यांनी उत्तम शिकवलं. कारण कसं विचारायचं, याचा एक वेगळा तासच असायचा. व्हाय इज द बेबी क्रायिंग? बिकॉज शी इज हंग्री. व्हॉट इज द रीझन? द रीझन इज. आम्ही रांगेत उभ्या राहून म्हणायचो आणि सिस्टर हातातल्या पट्टीनं ताल द्यायच्या. पण तास संपल्यावर एखादीनं खरंच काही विचारलं, की उत्तर ठरलेलं, बिकॉज आय से सो. मी म्हणते म्हणून. त्यामुळे मी शिकवायला लागले तेव्हा एक नियम केला. माझ्यासमोर इंग्रजीत ‘व्हाय’ विचारलं, तर उत्तर मिळालंच पाहिजे आणि ते खरंच असलं पाहिजे.

तुझ्याइतका त्या नियमाचा फायदा कुणी घेतला नाही. तुमच्या घरात मोठ्यांना ‘का’ विचारणं म्हणजे उलट बोलणं. मराठीत विचारलंस तरी रागावत, कानडीत विचारलंस तरी रागावत. इंग्रजीत मात्र तुला कुणी अडवत नव्हतं. गिरणीचा भोंगा दोनदा का वाजतो, शेजारचे पद्मसाळी विणकर घरात तेलुगू आणि दारात मराठी का बोलतात, अज्जी सोमवारी का जेवत नाही. एके दिवशी तू विचारलंस, ‘व्हाय इज युवर कप सेपरेट, बाई?’ माझं पितळी फुलपात्र बाहेरच्या कोनाड्यात वेगळं ठेवलेलं असायचं. शरणम्मा तिथंच ज्वारी निवडत होत्या. ‘काय म्हणती ती?’ त्यांनी विचारलं. नियम माझाच होता, म्हणून तुझा प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, ‘सांगा तिला, माझ्या सासूनं ठेवलं असतं म्हणून.’ फुलपात्र जागचं हललं नाही, पण मला त्यांचा राग आला नाही. एवढं प्रामाणिक उत्तर मला तोवर कुणी दिलं नव्हतं.

आता अप्पांबद्दल. सन चोवीसच्या फाल्गुनात ते माझ्या खोलीवर आले होते. माझं उत्तर तुला कळलं, पण ते कसे आले होते हे कुणी सांगितलं नसेल. आत या म्हटलं तरी आले नाहीत, जोडे काढून पायरीवर उभे राहिले. ‘बाई, पोरगी लई इचारती,’ ते म्हणाले. ‘तिला काय सांगावं ते मला कळंना झालंय. म्हणून तुमाला इचारायला आलो. करमाळ्याचं स्थळ आलंय. पण तुमी म्हणत असाल तर पुण्याला धाडतो. भाऊबंद हसतील, हसू देत.’ सुंदरा, सोलापुरात त्या वेळी असं म्हणणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. मी एक चिठ्ठी लिहिली असती, तर तुला जागा मिळाली असती. त्या माणसाला मी म्हणाले, ‘पोर हुशार आहे, पण तेवढी नाही. तिथं टिकणार नाही.’  त्यांनी हात जोडले आणि ते म्हणाले, ‘तुमी खरं बोललात, बरं झालं.’

वैशाखात तुझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मी आले तर तू आतून धावत सोप्यात आलीस. हात कोपरापर्यंत पिवळे, डोळे कोरडे. बायकांच्या घोळक्यात कुणाला कळू नये म्हणून इंग्रजीत विचारलंस, ‘व्हाय, बाई?’ एवढंच. आणि मी म्हणाले, ‘बिकॉज यू आर नॉट रेडी.’ तू मान हलवलीस. मी चूक दाखवली की हलवायचीस, अगदी तशीच. मी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार. तुला दुसरी शंकाच आली नाही. बारा वर्षं तू स्वतःला मठ्ठ समजत आलीस, ते त्या एका वाक्यामुळे.

ते वाक्य खोटं होतं. तुझ्याइतकी तयार मुलगी माझ्या हाताखालून गेली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मग मी तसं का म्हणाले? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं, की तुझा लळा लागला होता, तू गेलीस तर दुपार सुनी होईल म्हणून. हे कारण ऐकायला बरं आहे. सांगितलं तर कुणीही क्षमा करील. पण लग्न करूनही तू जाणारच होतीस, मग लळ्याचं कारण कसं टिकावं? खरं कारण वेगळं आहे. त्या कॉन्व्हेंटला दोन दारं होती. आम्ही धोबीघाटाच्या बाजूच्या दारानं ये-जा करायचो. वसतिगृहाच्या मुली पुढच्या दारानं येत, त्यांचे वडील बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसत. अप्पा माझ्या पायरीवर उभे असताना मला ती खुर्ची दिसली. अप्पा फेटा सावरत तिच्यावर बसलेले आणि सिस्टर तुझं नाव विचारताहेत. ज्या घरात माझं फुलपात्र बाहेर असे, त्या घरची मुलगी, मीच शिकवलेली, त्या दारानं आत जाणार, हे मला सोसवलं नाही. सुंदरा, मी तुझा हेवा केला. चाळिशी उलटलेल्या बाईनं चौदा वर्षांच्या मुलीचा. आणि हेही तितकंच खरं, की त्याच वेळी तुझ्यावर मायाही होती. ती कमी पडली.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला तुम्ही आलात, तेव्हा चंद्रव्वा एक दुपार माझ्याजवळ होती. चणे खाता खाता म्हणाली, ‘बाई, तुमी एकट्याच का राहता? कुणी न्हाय म्हणून, का कुणी नको म्हणून?’ मला हसू आवरेना. दोन कारणं समोर ठेवून त्यांतलं एक निवडायला लावणारी मुलगी दहाव्या वर्षी! तुझ्यावरच गेली आहे ती. म्हणून तर तुझ्या त्या दोन ओळींची मला भीती वाटते. माझं खोटं आता तुझ्या तोंडून तिच्यापर्यंत पोचू पाहतं आहे. ते तिथं पोचू नये, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मला क्षमा करावीस म्हणून नाही. ती तुला जमेल तेव्हा, किंवा कधीच नाही.

सोबत तीन गोष्टी पाठवते आहे. बंद पाकीट अप्पांचं आहे. त्यांना आता नीट दिसत नाही असं ऐकलं, तेव्हा माहेरी जाशील तेव्हा तूच वाचून दाखव. त्यात मी त्यांच्याशी खोटं बोलले, एवढंच चार ओळींत लिहिलं आहे. कारण सांगायचं की नाही ते तू ठरव. निळी पत्र्याची ट्रंक चंद्रव्वाची. वसतिगृहाच्या यादीप्रमाणे दोन चादरी आणि मच्छरदाणी आत घातली आहे. झाकणावर रंगानं नाव घालून घेतलं आहे, तेव्हा ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. उघडं पाकीट ईश्वरप्पांचं. त्यात मी चंद्रव्वाबद्दल माझं मत लिहिलं आहे, आणि तुझ्याबद्दलही. आधी तू वाच. एक ओळही खोटी वाटली तर फाडून टाक. नाही वाटली, तर हे मिळेल त्याच दिवशी दुकान बंद व्हायच्या आत त्यांच्या हातात दे. जागा पंधरा तारखेपर्यंतच आहे.

तुझीच,
मार्था उजगरे