थट्टेचा मान

वडिवळे, २ मे २०२५

चि. संदेश यास,
अनेक आशीर्वाद.

अनिताच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला तुझ्याऐवजी चुलतभाऊ सत्यम उभा राहील, असं तुझ्या वडिलांनी आज जाहीर केलं. म्हणून हे पत्र. फोनवर तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस. सत्यम रोज लोणावळ्याला कामावर येतो, त्याच्याजवळ देते आहे.

हॉटेलातल्या तुझ्या विनोदी कार्यक्रमाचा व्हिडिओ गावभर फिरला आहे. साखरपुड्याला दादाने बुफेतला डाव हाती घेऊन शेजारच्या हॉलमधल्या परक्या पाहुण्यांना आग्रहाने वाढलं, त्यांनी दिलेली टीप आहेर समजून घेतली आणि वहीत मांडायला नाव विचारलं, हे तू रंगवून सांगितलंस. दादा एवढंच म्हणाला की पोराला बापाची लाज वाटती, तर त्यानं मांडवात कशाला यावं. अनिता रडते आहे.

काय ते स्वच्छ लिही.

तुझी आत्या,
सविता

लोणावळा, ३ मे

ती. सविताआत्यास,
सा. न. वि. वि.

आबा उगाच चिडलेत. तो रोस्ट नव्हता. रोस्टमध्ये माणसाला सोलून काढतात. माझी ऑब्झर्वेशनल कॉमेडी आहे, म्हणजे रोजचं बघायचं आणि सांगायचं. सारकॅझम, म्हणजे टोचून बोलणं, तर अजिबात नाही. शेवटची पंचलाइन माझ्यावरच होती, कारण ती टीप मीच उडवली. चेहरा डेडपॅन ठेवतो, म्हणून कदाचित मी आबांना कोरडा वाटलो असेन. तू इंग्रजी घेऊन बी.ए. झालीस, तूच समजाव. कान मीच पिळणार, अनूला शब्द दिलाय.

या भानगडीत माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
संदेश

वडिवळे, ५ मे

चि. संदेश यास,
आशीर्वाद.

तुझे सगळे शब्द दादाला मराठीत समजावले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढ्या जातींत बापाला हसायची कुठली. बी.ए.ला मी सटायर, आयरनी, विट यांवर पानंच्या पानं लिहिली, पण हा प्रश्न पेपरात आला नव्हता. इंग्रजीत थट्टा कशी केली त्याला नाव असतं. आपल्याकडे ती कोणी केली ते आधी बघतात. मेहुण्याने केली तर त्याचा मान, व्याह्याने केली तर कौतुक, मुलाने केली तर उद्धटपणा. यात फार शहाणपण आहे असं मला वाटत नाही. पण लग्न पाच दिवसांवर आलं आहे आणि दादाला सुधारायला तेवढे पुरणार नाहीत.

तेव्हा तो प्रसंग जसाच्या तसा लिहून हनुमंतमामाला दे. तो दादाचा मेहुणा, हळदीला तो सांगेल. तू हळदीला येऊ नकोस.

सविता

लोणावळा, ६ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

स्टँड-अपमध्ये याला चोरी म्हणतात. शिवाय मामाला टायमिंग म्हणजे पुण्याची गाडी कधी सुटते तेवढंच माहीत. तरी लिहून दिलं आहे. भाऊ म्हणून उभं राहायला मिळत असेल, तर माझा अख्खा सेट, सगळ्या विनोदांसकट, घेऊन जा म्हणावं.

संदेश

वडिवळे, १० मे, सकाळी

चि. संदेश यास,
आशीर्वाद.

काल हळदीत मामाने तुझा प्रसंग सांगितला. अर्ध्यावरच स्वतः हसत सुटला आणि पुढचं विसरला. दादा उठला, मामाला खाली बसवलं आणि म्हणाला की असं न्हाई. टीप खिशात टाकल्यावर पोरगं जरा थांबतं, लोकांकडं बघतं, आन मग नाव विचारतं. मग स्वतःच करून दाखवलं. चेहरा थेट तुझ्यासारखा. बायका हळदीचे हात कपाळाला लावून हसत होत्या. व्हिडिओ किती वेळा पाहिला, हे मी त्याला विचारलं नाही.

मुलाने केलेली थट्टा त्याने मान्य केलेली नाही. ती मुळात आपलीच आहे, असं ठरवून टाकलं आहे. त्यावर वाद घालू नकोस. मुहूर्त संध्याकाळचा आहे, दुपारपर्यंत ये.

सत्यमजवळ दिलं: अनिताने तुझ्या मापाने शिवून घेतलेला कुर्ता, चकल्यांचा डबा, डबा परत आणणे, कान पिळणाऱ्याचा फेटा. फेटा दादाने सत्यमकडून मागून घेऊन स्वतः माझ्या हातात दिला. तसं लिहू नको म्हणाला होता.

सविता