शेजारचा ब्रेक

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दुपार

चि. सौ. भिंगरीस,
वहिनीचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे कुणाला काही झालेलं नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. फोन वाजत राहिला की माणूस तो उशीखाली सारतो. पत्र टेबलावर गप्प पडून राहतं, कधीतरी उघडावंच लागतं. जावईबापूंना नमस्कार सांग, माझ्यावर रागावले असले तरी सांग. लेकीचा खोकला थांबला का? तिला रात्रीचा पंखा लावून देऊ नकोस. तू नर्स आहेस आणि मी तुला शिकवते आहे, पण घरच्या पोराला नर्स कुठे दिसते, आईच दिसते.

इकडचं म्हणशील तर न्हाणीचा पाइप पुन्हा गळतोय. नळवाला आला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "बाई, पाइप बदलून भागायचं नाही, घरच बदला." मी म्हटलं, तेही होईल. त्याला वाटलं मी गंमत केली.

मागच्या पडवीत मांजर व्यायली. यांच्या शिकवणीच्या गाडीवरची पाटी तिथे भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्या आडोशाला पिल्लं घातली. वर "सावकाश, शिकाऊ चालक" आणि खाली डोळे न उघडलेली पिल्लं. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

काल कोर्टात जाऊन आले. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, पण हात पाइपाकडे आणि मांजराकडे वळला.

जावईबापूंनी तुला काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही, म्हणून माझ्याकडून ऐक. मागच्या महिन्यात ते आले होते. चहा घेतला नाही, पाटावर न बसता दारातल्या खुर्चीवर बसले, तेव्हाच मी ओळखलं की कामाचं बोलणं आहे.

"वहिनी, तुम्ही एवढंच म्हणायचं. किल्ली खुंटीवर होती, तुम्ही आत होतात, गाडी कधी गेली तुम्हाला पत्ता नाही."

"आणि भिंगरी?"

"तिनेच सांगितलंय. म्हणाली, मी न विचारता नेली असं लिहा. वहिनीचं घर जायला नको."

"तिने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत?"

"तुम्ही तिची हट्टाची तऱ्हा ओळखता. भावाचीच बहीण." मग खाली बघून म्हणाले, "घर गेलं तर तुम्ही कुठे जाणार? आमच्याकडे याल, पण तुम्ही येणार नाही."

ते वाईट माणूस नाहीत गं. तुझ्या शब्दाखातर आले होते, आणि परत जाताना माझ्या फाटकाची बिजागरी घट्ट करून गेले.

दुसऱ्या दिवशी वकीलीणबाईंकडे गेले. तरुण आहेत, पण समजावून सांगतात. विम्याची पुस्तिका मी घरी दोनदा बोट ठेवून वाचली होती. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं यांच्या वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकावर वाचायला शिकले, त्यामुळे वळणं आणि चौक मला कळतात. विम्याच्या भाषेत एकही चौक नाही, नुसता घाट. बाई म्हणाल्या, "सोपं आहे. बिनलायसन्सच्या माणसाला गाडी दिली की विम्याची अट मोडते. गाडीखाली पाय सापडला त्या शिंप्याला कंपनी पैसे देईल, त्याची काय चूक? पण मग ती तुमच्या दारात येऊन तेवढेच तुमच्याकडून वसूल करील. शिवाय गाडी हातात दिली म्हणून तुमच्यावर वेगळा खटला. न विचारता नेली असेल तर तुम्ही मोकळ्या. मग सगळा भार तुमच्या नणंदेवर. लायसन्स नसताना चालवली, माणूस जखमी केला, वर परक्याची गाडी उचलली."

"परकी?"

"कायद्याने परकीच."

मी विचारलं, "खरं काय घडलं ते तुम्ही मला विचारलं नाहीत."

"अजून विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "सांगण्याआधी घरी जाऊन विचार करा. सगळं एकाच प्रश्नावर येतं. तिच्याकडे लायसन्स नाही हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी विचार केला. भाजी निवडताना केला, पायरीवर बसून केला. माझ्या डोळ्यांपुढे सारखी तुझी कंबर येत होती, कंबरेला लावलेली औषधाच्या कपाटाची किल्ली. उद्या तुझ्या दवाखान्यात कुणी म्हणालं, ही बाई दुसऱ्याच्या किल्ल्या न विचारता घेते, तर ती किल्ली तुझ्याकडे किती दिवस राहील? आणि घर म्हणशील तर भिंतीच आहेत. हे गेल्यापासून त्यांनाही बोलायला कुणी नाही.

मग शिंप्याकडे गेले. तू जायचं टाळतेस ते मी समजू शकते, पण कुणीतरी जायला हवं होतं. त्याच्या बायकोने स्टूल पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली. स्टूल दिलं हेच खूप. त्याच्या उजव्या पायात सळी आहे, पाऊल खाली वळत नाही. शिलाई मशीन पायाने चालवायची सवय, आता मोटर बसवलीय. मला दाखवायला म्हणून त्याने एक चिंधी घातली, मशीन धाडकन सुटली आणि शीव वाकडी गेली.

"बघा," म्हणाला, "ही माझं ऐकत नाही. पाय होता तेव्हा मनात आलं की थांबायची."

मग म्हणाला, "मास्तरांची शेवटची पँट मीच शिवली. उंची अजून पाठ आहे. ते असते तर गाडी थांबली असती, वहिनी."

तो साध्या मनाने बोलला. मी मात्र ते वाक्य घरापर्यंत घेऊन आले.

तर काल कोर्ट. कंपनीचा वकील उंच, सर्दी झालेला. विचारलं, "किल्ली कोणी दिली?" मी म्हटलं, मी. "खुंटीवर होती ना?" म्हटलं, खुंटीवर होती, मी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "तिच्याकडे लायसन्स नाही, हे माहीत होतं?" म्हटलं, होतं. आमच्या वकीलीणबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाई पुढे झुकून म्हणाल्या, "मग का दिलीत?"

मी म्हटलं, "तिला तिच्या भावाने पास केलं होतं."

मागे कुणीतरी हसलं. त्यांना काय ठाऊक आपल्या घरातली परीक्षा? शिकायला येणारा प्रत्येक जण यांच्या त्या पेल्याला घाबरायचा. गाडीत पुढच्या काचेखाली पाण्याने भरलेला पेला ठेवायचा, बाजारातून फेरी मारून आणायची, थेंब सांडला की पुन्हा आठवडाभर शिकवणी. पेला भरलेला परत आला की हे म्हणायचे, "जा, आता सरकारी परीक्षा नुसती हजेरी." तुझा पेला परत आला त्या दिवशी तू तो घरभर मिरवलास आणि शेवटी तेच पाणी पिऊन टाकलंस. परीक्षेची तारीख लागली, आणि त्याच आठवड्यात हे गेले. परीक्षेला कोण जाणार होतं? पुढे ते राहूनच गेलं. या घरात तुला कुणी बिनपरवान्याची समजलंच नाही.

कोर्टात एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. उरलेलं कोर्टाने विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. म्हणून हे पत्र.

गाडी तू मागितली नव्हतीस. शिंप्याला पटेल, जावईबापूंना पटेल, पण तुलाच पटत नसेल, इतकी तू ती चूक स्वतःच्या अंगावर ओढून घेतली आहेस. त्या सकाळी तू म्हणालीस, "वहिनी, मी रिक्षाने जाते. लायसन्स नाही माझ्याकडे." मी म्हटलं, "तुझा दादा असता तर रिक्षाने जाऊ दिलं असतं का?" तू म्हणालीस, "मग तू तरी चल शेजारी." मी नाही म्हटलं. आमटी गॅसवर आहे म्हणाले. गॅसवर काही नव्हतं.

मला फाटकात उभं राहायचं होतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी फाटकात उभी राहून ती गाडी कोपऱ्यावर वळताना बघितली. तो कोपर बाहेर, ती किंचित तिरकी मान. तुझी मान अगदी तशी आहे. गाडी दारात उभी राहून राहून टायर बसायला आले होते, आणि मला एकदाच, फक्त एकदाच, ती वळताना बघायची होती. आत मी बसले असते तर बघणार कोण? म्हणून तुला एकटीला पाठवलं. तू कोपऱ्यावर वळलीस आणि मी पदर तोंडात धरून रडले, सुखाने. तेवढ्या वेळात तू पलीकडच्या रस्त्याला लागली होतीस.

अजून एक आहे. ते लिहायला म्हणून मधे उठून मांजराला दूध घालून आले.

तुला आठवतं, तू शिकत होतीस तेव्हा यांचा बूट फाटला? उजव्या बुटाचा तळ, पुढून. हे ओट्यापाशी बसून बुटाला चिकटवण लावत होते आणि हसत होते. म्हणाले, "तुझ्या नणंदेने माझा बूट खाल्ला." मी विचारलं, ते कसं? तर म्हणाले, "अगं, माझ्या बाजूला ब्रेक आहे ना. ती पाय उचलायच्या आत मी हळूच दाबतो. तिला कळतही नाही. पेला तिने नाही, मी राखला." मी म्हटलं, मग पास का केलंत? म्हणाले, "तिचा चेहरा बघितलास का? लहानपणापासून कशात पहिली आली नाही. परीक्षेला आठवडा आहे, रोज नेईन, पाय काढून घेईन हळूहळू. होईल." तो आठवडा त्यांना मिळाला नाही.

भिंगरे, मला माहीत होतं.

इस्पितळाच्या बाकावर तू माझ्या मांडीत डोकं घालून एकच वाक्य बोलत होतीस. "वहिनी, शिंपीकाका मला दिसले होते गं. मला वाटलं गाडी थांबेल." सगळे म्हणाले, धक्क्याने बडबडतेय. मला त्या क्षणी कळलं. ती गाडी तुझ्यासाठी नेहमीच आपोआप थांबत आली होती. तू जन्मात कधी तिला एकटीने थांबवलं नव्हतंस. शेजारच्या ब्रेकवर त्या दिवशी पाय नव्हता, आणि नाही हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारं माणूस फाटकात उभं होतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर तुझा पेला गेला असता. दादाने दिलेलं तेवढंच तर तुझ्याकडे आहे. आज तो मी तुझ्याकडून काढून घेतेय, आणि मला भीती वाटते की तू मला त्याचीच क्षमा करणार नाहीस. पण जावईबापू सांगत होते, इंजेक्शन देताना तुझा हात थरथरतो. म्हणालीस म्हणे, दादाने शिकवलेलं मी धुळीला मिळवलं. नाही गं. त्याने शिकवलेलं तुझ्यापर्यंत पुरतं आलंच नव्हतं. तुझा हात चांगला आहे. हाताला दोष देऊ नकोस.

तुझी तारीख येईल तेव्हा तू चालवली, लायसन्स नव्हतं, एवढं खरं सांग. त्याची जी शिक्षा असेल ती घे. न विचारता नेली हे मात्र पुन्हा तोंडातून काढू नकोस. मी शपथेवर सांगून आले आहे, आता खोटी तूच ठरशील.

घर विकायचं ठरलं. कंपनीचं देऊन वकीलीणबाईंचं भागेल, आणि मला एक खोली भाड्याने घेता येईल. वाचनालयामागे एक बघितली आहे, खिडकी बरी आहे. गाडी एका गॅरेजवाल्याने भंगारात मागितली. तो आत डोकावून म्हणाला, "बाई, हा दुसरा ब्रेक कशाला?" मी म्हटलं, मास्तरांचा होता. त्याने वाकून हाताने दाबून बघितला. म्हणाला, "अजून कडक आहे."

रविवारी तो गाडी ओढून नेणार आहे. मी फाटकात उभी राहणार नाही, घरात बसेन. तुला यावंसं वाटलं तर ये, लेकीला घेऊन ये, तिला पिल्लं दाखव. नाही वाटलं तर येऊ नकोस, पण फोन वाजला तर एकदा उचल. बोलू नकोस हवं तर. तुझा श्वास ऐकला तरी मी ठेवून देईन.

हाताला तेल लावत जा.

तुझी,
जिला माहीत होतं ती,
वहिनी