भंगारात न गेलेलं मशीन

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा इस्त्री, मिक्सर, पंखे आणि तत्सम घरगुती विजेच्या वस्तूंची दुरुस्ती, राहणार स्वतःच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत, असे लिहून ठेवतो की माझे शरीर थकले असले तरी डोके शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही धाकाने अथवा भिडेने नव्हे तर राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. 'राजीखुशीने' हा शब्द वकिलाच्या नमुन्यातला. खुशी कसली आलीय डोंबलाची! डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाले, "काका, मागे राहिलेलं काही असेल तर उरकून घ्या." म्हणून उरकतोय. नमुन्यातली भाषा कलमापुरती वापरीन, बाकी मी बोलतो तसंच लिहिणार.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करायचं होतं, उद्यावर टाकलं. गल्लीत मला 'उद्याकाका' म्हणतात ते उगाच नाही. कोणी बिघडलेली वस्तू घेऊन आलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "उद्या या." लोक हसायचे, मीही हसायचो. आता हसू येत नाही.

कलम १. माझ्या मालकीचे दुकान व त्यामागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीस मिळाव्यात. तिला घरात ठिणगी म्हणत. पाच वर्षांची असताना तिने प्लगमध्ये हेअरपिन घालून अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले होते, तेव्हापासूनचं नाव. ती आज लिफ्टची मेकॅनिक आहे. नदीपलीकडे राहते, बसने अर्धा तास. या जागेत राहावे, विकावी की कुलूप लावून ठेवावी, हे तिने ठरवावे. मोरीचा नळ गळतो. तो मीच दुरुस्त करणार होतो.

कलम २. माझी सर्व हत्यारे, मीटर आणि दोन्ही सोल्डरिंग आयर्न समोरच्या गल्लीतल्या मोटार वाइंडिंगवाल्यास द्यावेत. हा गृहस्थ वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलाय की उद्याकाकांकडून वस्तू परत आली की तिचा एखादा स्क्रू कमी असतो. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आता लिहिताना खोटं कशाला, तो म्हणतो ते खरं आहे. ते सगळे स्क्रू तिसऱ्या खणात काचेच्या बरणीत आहेत. बरणीही त्यालाच द्यावी. बघ म्हणावं, जिंकलास.

कलम ३. थोरल्या वहिनींचा मिक्सर चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला आला, तो त्यांना परत करावा. तो त्याच आठवड्यात दुरुस्त झाला होता. पण माझी बायको गेली तेव्हा भरल्या घरात वहिनी म्हणाल्या होत्या, "बाई सुटली एकदाची." त्याचा राग मी मिक्सरवर काढला. त्यांना दरवेळी उद्या या म्हटलं. कदाचित त्या बोलल्या ते खरं असेल म्हणूनच झोंबलं.

कलम ४. बँकेत जे काही आहे त्यातून माझा शेवटचा खर्च भागवून उरलेले मुलीस द्यावे. फार नाही. शेजारच्या शिवणवाल्या बाई या कागदावर साक्षीदार आहेत, आणि वकील म्हणाला की साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून त्यांच्या शिलाई मशीनची मोटार कालच खोलून, साफ करून दिली आहे. बोलून चालून कायदा आहे, त्याच्यातून वाट काढावी लागते.

कलम ५. आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून, मिनी डोनट करण्याचे ओट्यावरचे मशीन ठेवलेले आहे. ते जसेच्या तसे, झाकण न उघडता, माझ्या मुलीस द्यावे. बाकी सगळी कलमं इकडची तिकडे झाली तरी चालतील, हे एक चुकता कामा नये.

हे वाचून ठिणगी म्हणेल, ते तर भंगारात दिलं होतं. तेच सांगायला बसलोय.

हे मशीन मुळात आमचं नव्हे. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं, माझे 'उद्या या' ऐकून कंटाळलं आणि परत आलंच नाही. दोन वर्षांनी बायकोने ते पुसून ओट्यावर घेतलं. पुस्तकासारखं उघडतं, आत सात गोल खळगे, प्रत्येकाच्या मधे बोंडासारखा उंचवटा. लाल दिवा म्हणजे वीज आली, हिरवा म्हणजे तापलं. पण हिरवा लवकर लागतो, त्यावर विसंबलं तर पहिला घाणा पांढराफटक निघतो. बायको हिरवा लागल्यावर अजून शंभर आकडे मोजायची. मैदा, साखर, दूध, अंडं, चिमूटभर सोडा आणि व्हॅनिलाचे दोन थेंब एवढं फेटून ती प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, पिशवीचा कोपरा कापायची आणि खळगा अर्धाच भरायची. जास्त भरलं की मधलं भोक बुजतं. मग झाकण लावून कडी घालायची आणि चार मिनिटं थांबायचं. काढायचं लाकडी काडीनं, सुरी लावली की तव्याचा लेप खरवडतो. ठिणगीने एकदा स्क्रूड्रायव्हर लावला होता, त्याचा ओरखडा तिसऱ्या खळग्यात आहे.

ती आठ वर्षांची असताना बायकोने तिला एका फुटलेल्या काचेवरून थोबाडीत दिली. काच मी फोडली होती हे तासाभराने कळलं. बायको काही बोलली नाही. पदर खोचला आणि मशीन लावलं. सात झाले, दोन तिने घेतले, दोन मला दिले, दोन पोरीला. सातवा उरला तो पिठीसाखरेत घोळवून पोरीच्या ताटलीत ठेवला. पोर रडता रडता खायला लागली.

तेव्हापासून आमच्या घरात कोणी 'चुकलं' असा शब्द उच्चारला नाही. ज्याचं चुकलं त्याने मशीन लावायचं, आणि ज्याचं मन दुखावलं सातवा त्याचा. पोरगीसुद्धा बारा वर्षांची झाल्यावर लावायला लागली. मी मात्र एकदाही लावलं नाही. माझं चुकतच नसे, असं माझं ठाम मत होतं.

पुढे ठिणगीने बँकेतली खुर्चीवरची नोकरी सोडली आणि लिफ्टच्या कंपनीत लागली. तिची आई भडकली. पोरगी दहा मजली विहिरीत दोरावर लटकणार, या विचारानेच ती घाबरली होती. पण भीती तिच्या तोंडून नेहमी रागच होऊन बाहेर पडायची. म्हणाली, "जा! तिथं मेलीस तरी मला कळवू नकोस." पोरगी गेली. दोन महिने दोघींचं बोलणं नाही.

मी मधे पडलो नाही. लोकांना सांगायचो की बायकांच्या भांडणात आपण कशाला पडा. खरी गोष्ट वेगळी होती. पोरीला हत्यारंच हातात धरायची होती तर बापाचं दुकान समोर होतं. तिला ते लहान वाटलं, हे मला लागलं होतं.

एका दुपारी चारच्या सुमारास मी दुकानात एक इस्त्री खोलून बसलो होतो. बायको दारात आली, हाताला पीठ.

"अहो, मशीन लावलंय."

मी मान वर केली नाही.

"ठिणगीला फोन करा. म्हणावं, ये."

"तू कर की."

"माझा आवाज ऐकून ठेवून देईल. तुमचं ऐकते ती. करा ना."

"करतो."

दहा मिनिटांनी आतून आवाज, "केलात का हो?"

"करतो म्हटलं ना! हातातलं काम टाकू का?"

"बरं. तोवर एक घाणा घालते. ती आली की गरम दुसरा घालीन."

फोन माझ्या कोपराशी होता. ठिणगीचा नंबर तिच्याच अक्षरात समोर भिंतीवर चिकटवलेला होता, आजही आहे. इस्त्री हे निमित्त. मला वाटलं, आपण होऊन का बोलवायचं, राहू दे आणखी एक दिवस, उद्या करू.

मग जळका वास आला. मी हाक मारली, उत्तर नाही. आत गेलो तर ती ओट्याखाली पडलेली, हातात लाकडी काडी. डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, कोणी काही करू शकलं नसतं. तेवढं एक बरं. मी पहिलं काय केलं, तर प्लग ओढला. झाकण उघडलं नाही. नंतरही नाही. आत तिने घातलेले सात आहेत. पाहिलेले नाहीत, पण सातच असणार, ती एकही खळगा रिकामा सोडत नसे.

सगळं आटोपल्यावर ठिणगीने मला एकटं गाठलं. "बाबा, आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?"

मी म्हटलं, "नाही. काही नाही बोलली."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मशीन मी घेऊन जाऊ?"

तिने ते उघडलं असतं तर आत काय आहे ते पाहिलं असतं. आईने मशीन लावलं होतं हे कळल्यावर तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग मला का नाही बोलावलं? म्हणून मी म्हणालो, "भंगारात दिलं."

"एवढ्यात?"

"हो."

अकरा वर्षं झाली. ती आईच्या शेवटच्या शब्दांवर जगते आहे, मेलीस तरी कळवू नकोस या शब्दांवर. ते शेवटचे नव्हते. शेवटचे 'म्हणावं, ये' हे होते. ते तिच्या मालकीचे होते आणि मी ते दाबून ठेवले. माझ्या इतर कुठल्याही मालमत्तेपेक्षा हे आधी तिच्या ताब्यात जावे.

झाकण उघडायचं की नाही हे तिने ठरवावे. कडी जाम झाली असल्यास जोर लावू नये. बिजागरीची पिन डावीकडून ठोकून काढावी, म्हणजे वरची बाजू अलगद सुटेल. हे तिला सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

कलम ६. माझ्या मागे माझा फोटो भिंतीवर लावू नये. लावायचाच तर बायकोच्या शेजारी लावू नये, थोडं अंतर ठेवावं.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर आज दुपारी मी तो शिवणवाल्या बाईंना वाचायला दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "काका, हे तिला कधी कळणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"म्हणजे हेही उद्यावरच टाकलंत की."

मला राग आला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची काय गरज, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या तिथेच बसून राहिल्या.

दुकानात गेल्या आठवड्यापासून एक असंच मशीन दुरुस्तीला आलेलं आहे, वायर तुटली होती. ती जोडली. बाईंकडून अंडं आणि मैदा आणला. पहिला घाणा वाया गेला, खळगे काठोकाठ भरल्यामुळे एकालाही भोक राहिलं नाही. दुसऱ्याला शंभर आकडे मोजले. सात झाले, त्यातला एक वाकडा आहे. ज्या गिऱ्हाइकाचं मशीन आहे त्याला हे सांगावे व दुरुस्तीची मजुरी घेऊ नये.

मग भिंतीवरचा नंबर लावला. तोच आहे, बदललेला नाही.

"हॅलो, कोण?" मागे कसल्यातरी मोटारीचा घरघराट.

"मी. बाबा."

"काय झालं? बरं आहे ना?"

"मशीन लावलंय."

घरघर थांबली. "कुठलं मशीन?"

"गिऱ्हाइकाचं. आपलं कपाटावर आहे, बंद. तुझ्या आईनं लावलं होतं तसंच. भंगारात दिलं नव्हतं, मी खोटं बोललो. त्या दिवशी तिनं तुझ्यासाठी लावलं होतं. मला म्हणाली, फोन करा, म्हणावं ये. मी केला नाही. माझं चुकलं."

मग तिचा आवाज आला, अगदी हळू, लहानपणी यायचा तसा.

"अकरा वर्षं, बाबा."

आणि तिने फोन ठेवला. येते म्हणाली नाही.

सातही झाकून ठेवले आहेत. कोणी हात लावलेला नाही. वाटणी करायला मला अधिकार नाही, सातच्या सात तिचे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही करून पुरे केले.

सही: उद्याकाका
ठिकाण: दुकान
दिनांक: आजचा

साक्षीदार १, डॉक्टर: लिहून देणाऱ्यास मी तपासले आहे. ते पूर्ण शुद्धीवर असून त्यांना आपण काय लिहिले याची जाणीव आहे. सही करण्याआधी ते दोनदा उठून रस्त्याकडे पाहून आले.

साक्षीदार २, शेजारच्या शिवणवाल्या बाई: सही माझ्यासमोर झाली. फोनही माझ्यासमोरच झाला, लिहिलंय तसाच. आता संध्याकाळचे सात वाजले आहेत. अजून कोणी आलेलं नाही. रोज या वेळेला मी काकांचं शटर ओढून देते, आज त्यांनी ओढू दिलं नाही.