मीराच्या हातातल्या काड्या

शनिवार, संध्याकाळ

मीराने आज नोएडाच्या मॉलमध्ये जपानी जेवायला नेलं. वाडगाभर भात, वर अंडं. "आई, बिल्कुल आपल्या मऊ भातासारखं!" म्हणाली. कसला मऊ भात! गोडसर अंडं, ना तूप ना मेतकूट. पण चवीचं जाऊ दे, त्या जेवायच्या काड्या, चॉपस्टिक्स, डोळ्यांपुढून हलत नाहीत. मला चमचा दिला आणि स्वतः काड्यांनी भराभर जेवली. एक शीत सांडलं नाही.

तिला ऑफिसने जपानला जातेस का विचारल्यापासून तिच्याकडून "अजून काही ठरलं नाही" हेच ऐकतेय. मग काड्यांवर हात एवढा बसला कधी?

विचारलं नाही मी. का नाही विचारलं?

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"काही ठरलं नाही म्हणे."

मगाशी दोन पेन्सिलींनी शेंगदाणा उचलून पाहिला, दर वेळी निसटला. एका दिवसात जमणारी गोष्ट नाही ही.