आईच्या हातावरच्या रेघा

३ जून, सोमवार
खासबागेतल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत आज रुजू झाले. खोली मिळाली, पंखा चालतो, खालीच चहाचा गाडा. निपाणीच्या पोरीला आणि काय पाहिजे. कामही मजेचं. कॉम्प्युटरात बाई उभी करायची, हलवायची, मग मशीन तिच्या कडा शोधून पेनानं काढल्यासारखी रेघांची चित्रं करतं. पहिली फिल्म विड्या वळणाऱ्या बाईची. बाई कुठनं आणू? आई विड्याच वळते, तिचेच फोटो, व्हिडिओ घेऊन तिलाच उभी केली. सुरकुत्या, कात्रीचा घट्टा, सगळं हुबेहूब. आई म्हणाली, मला लई म्हातारी करू नगंस.

११ जून
डोक्याला नुसता ताप. हात हलला की सुरकुत्यांच्या रेघा वळवळतात. मालक राजकुमारसर म्हणतात, मुंग्या फिरल्यागत दिसतंय, रेघा कमी कर. केल्या. अजून कमी कर. परत केल्या. ह्यांना नक्की पाहिजे तरी काय? शेवटी वैतागून कॉम्प्युटरातल्या मॉडेलचे तळहातच घासून गुळगुळीत केले. सर खूश.

संध्याकाळी आईचा फोन. रेशनच्या मशीननं अंगठा घेतला नाही. पानं हाताळून बोटं झिजतात, विडीवाल्या बायकांचं हे नेहमीचंच. क्रीम लाव म्हटलं.

१६ जून, रविवार
निपाणीला आले. आईचे तळहात बघितले. एक रेघ नाही. झिजलेले नव्हेत, बशीसारखे गुळगुळीत. पान हातात ठरत नाही, सुताची गाठ बसत नाही. म्हणते, दुखत न्हाय गं, पर हात माझं न्हाईत असं वाटतंय. डॉक्टरनं मलम लिहून दिलं. मलम कसलं देतोय? असेच तळहात मी मॉडेलचे केलेत. मला भीती वाटतेय.

१७ जून
स्टुडिओत आल्या आल्या मॉडेलवर जुन्या सुरकुत्या परत चढवल्या. आईला फोन लावला, शेजारच्या शालूबाईंनी उचलला. म्हणाल्या, आत्ताच रेघा उमटल्यात, तुझी आई रडाय लागलीया आनंदानं.

सरांना सगळं सांगितलं. हसले. वरनं, झालेलं काम बिघडवलंस म्हणून बोलणी. फाइल आता तेच बघणार.

१९ जून
सरांनी फाइलचा पासवर्ड बदललाय. एकेक बोट कशाला, पंजा एकाच रेघेत बसवतो म्हणे. दुपारी शालूबाईंचा फोन — आईची बोटं चिकटलीत. भरवावं लागतंय. सरांच्या पाया पडले. रजा घे म्हणाले. रजा! माणसाला किती वेळा सांगायचं —

२० जून
आज चेहरा. सरांच्या केबिनला आतनं कडी. काच बडवून हात सुजला. आतनंच ओरडतात, चेहऱ्यावर रेघा लई झाल्यात, बाई फिल्ममध्ये बोलत न्हाय, तोंड कशाला —

फोन कानाला. शालूबाई नुसत्या किंचाळतायत. मधे आईचा आवाज. तोंडातनं नाही. घशात कोंडलेला —

नाकानं श्वास चाललाय. ऐकू येतोय. चाललाय अजून —

सर काचेतनं मस्त झालं म्हणून अंगठा वर करतायत. आता नाक तेवढं पुसलं की झालं म्ह