जुडाहने भरलेलं पिंप

मी, दिना जुडाह आपटेकर, वय ७९, निवृत्त शिक्षिका, राहणार जुने पनवेल, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहिते. कानाने कमी ऐकू येतं, पण नळाला पाणी आलेलं अजूनही गल्लीत सर्वांत आधी मलाच कळतं.

१. राहतं घर व परसबाग माझी मुलं यायर आणि ओर्ली यांना समसमान.

२. पितळी झारी ओर्लीला. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, फिल्टरमधून वाया जाणारं फरशीला, मोरीचं अळूला. रबरी नळी भंगारात द्यावी. ती झाडाशी सोडून फोनवर बोलत बसतेस, ओर्ली. रागावू नकोस, बसतेस.

३. शेजारीण जनीला काहीच देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलेलं कायद्यात टिकत नाही. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मना काय नको, बाय. तू पोराला फोन कर."

४. आता पोराबद्दल. आमच्या ज्यू लोकांत घरात माणूस गेलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा नवरा जुडाह गेला, तेव्हा हंडे-कळश्या रिकाम्या झाल्या. मोरीतलं एक पिंप मात्र मी चादर टाकून लपवलं. सातव्या दिवशी यायरने चादर ओढली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आई, बाबा गेले आणि तुला काटकसर सुचते?"

मी म्हणाले, "पाणी दोन दिवसांआड येतं, तुला काय ठाऊक!" तो इस्रायलला, अश्दोदला परत गेला. तेव्हापासून फोन ओर्लीला करतो, मला नाही.

यायर, मी खोटं बोलले. ते पिंप तुझ्या बाबांनी त्याच पहाटे भरलं होतं. गुडघा दुखत होता, तरी बादली बादली करून. मला म्हणाले, "तू झोप, दिना." नऊ वाजता ते गेले. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम, माझ्याच्याने ओतवेना रे. अळ्या होऊ नयेत म्हणून वर फडकं बांधलं आणि पावसाळा लागेपर्यंत रोज एक तांब्या घेऊन तोंड धुतलं. हे सगळ्यांसमोर सांगायची मला लाज वाटली, म्हणून तुझ्यावरच डाफरले. चुकलंच माझं.

५. माझ्या वेळी पाणी ओतण्याचं काम यायरचं. गटारात नको, झाडांच्या मुळाशी. एखादी कळशी ओतवली नाही तर ठेवावी. त्याला कोणीही जाब विचारू नये.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. माझं तेवढं थांबायचं नाही. एक प्रत मी आजच यायरला पाठवत आहे. ये रे बाळा. मी आहे तोवर ये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोघींसमोर मोठ्याने वाचला आणि मगच सही केली.

दिना जुडाह आपटेकर

साक्षीदार :
जनी बळीराम घरत, शेजारीण
डॉ. हेतल शहा, मला तपासून शुद्धीत असल्याचं लिहून देणाऱ्या

पनवेल, १४ मे २०२५