उजवीकडचा ओंडका

ती. एवाल्डदादास,

इर्मट्राउटचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं बंद केलेले सॉसेज अजून चोरून खातोस ना? खात असशील तर तब्येत उत्तम असं समजते.

तुझ्या मेव्हण्याच्या निरोप समारंभाला तू आला नाहीस, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या लोथारला तू एकतीस वर्षं ‘मडकीमोजणी डॉक्टर’ म्हणत आलास. (माणूस तळ्यातल्या नावेतही ओकतो हे खरं, पण सामोआचं एकेक वल्हं नंबरानं ओळखतो.) त्याच्या नोकरीचं शिखर म्हणजे संग्रहालयाच्या मोठ्या दालनातली सामोआची होडी. युद्धात ती सुटी करून मिठाच्या खाणीत दडवली होती. एक्कावन्न साली त्यानं जुन्या फोटोवरून ती पुन्हा बांधली. त्याच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर तीच, निरोपाच्या केकवरही तीच काढायची ठरलेली.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि सामोआहून होडी बांधणारे लेओता मास्तर पाहुणे आले. होडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तोल सांभाळणारा ओंडका आम्ही डावीकडे बांधतो. तुमचा उजवीकडे! अजून बुडाला नाहीत?”

“आम्ही फरशीवर वल्हवतो,” लोथार म्हणाला. पण चेहरा उतरला होता.

संचालक ड्रोसडेक तर पांढरेफटक. “शुक्रवारपर्यंत तोंड मिटून बसा हो! निरोप होऊ दे, मग हळूच बदलू.” ग्रंथ, नाव, सगळंच पणाला लागलेलं. आमच्या माणसानं मात्र बूट काढले, फरशीवर मांडी ठोकली आणि भर गर्दीत मास्तरांकडून काथ्याच्या गाठी शिकायला बसला. मास्तर खेकसायचे, “सैल! ही काय बुटाची नाडी आहे?” आणि हा पासष्टाव्या वर्षी, “परत सोडतो, मास्तर.” तीन दिवस! ओंडका डावीकडे आला. शुक्रवारी महापौरांसमोर त्यानं होडीपुढे पाटी लावली: ‘एकतीस वर्षं चुकीची बांधलेली होती. चूक माझी. डॉ. लोथार वीझेनह्यूटर.’ दादा, मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात रुमाल होता.

तुझी,
इर्मट्राउट

ता. क. : एक्कावन्न साली संग्रहालयाचे फोटो छापायचं काम माझ्याकडे होतं. (तिथंच जमलं आमचं.) परवा त्या फोटोची काचेची निगेटिव्ह शोधून काढली. ओंडका डावीकडेच आहे. काच मीच उलटी ठेवून छापली होती. लोथारला कबूल केलं, तर उरलेला केक खात म्हणतो, “ठाऊक आहे. बुधवारीच बघितली. पाटीवर दोन नावं मावत नव्हती.”

ता. ता. क. : रविवारी जेवायला ये आणि ती गाठ त्याच्याकडून शिकून घे. तुला नको असली तरी. आणि वहिनीला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवशीलच, तर सहीपाशी थांब.